एन्झाइमनं बायोडिझेल: मिथेनॉल एकदम ओतू नका

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये तुमचा एकच प्रश्न सारखा येतोय: कॉस्टिक सोड्यानं तासा-दोन तासांत बायोडिझेल होतं, मग लायपेज (तेल-चरबीवर काम करणारं एन्झाइम) वापरून चोवीस तास कशाला घालवायचे? दोन्हीत काम एकच: तेल आणि मिथेनॉल (एक अल्कोहोल) यांची रिॲक्शन घडवून बायोडिझेल करायचं, सोबत ग्लिसरीन निघतं.

तेल ताजं आणि स्वच्छ असेल तर कॉस्टिकच वापरा. पण तळणीच्या तेलात किंवा चरबीत फ्री फॅटी ॲसिड (तेलातून सुटं झालेलं आम्ल) टक्का-दीड टक्क्यावर गेलं, की कॉस्टिक त्याचा साबण करतं आणि ग्लिसरीन वेगळं होईनासं होतं. लायपेजला ते ॲसिड चालतं, त्याचंही ते बायोडिझेल करतं.

आता 100 किलो तेल धरू. गाळा, खालचा गाळ टाका, 35 ते 40 अंशांवर आणा. 2 लिटर पाणी आणि अर्धा ते एक किलो द्रवरूप लायपेज घाला. ढवळणं जोरात हवं, कारण हे एन्झाइम तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथेच काम करतं. हे सोपं आहे. बिघडतं ते पुढे, मिथेनॉलपाशी.

हिशोबानं मिथेनॉल लागतं 11 किलो. आपण दीडपट घेतो, म्हणजे 16 किलोच्या थोडं वर, साधारण 20 लिटर. हे एकदम ओतायचं नाही! 2 लिटर सुरुवातीला, उरलेलं 18 लिटर नऊ तासांत. डोसिंग पंप (ठरल्या वेगानं थोडं थोडं सोडणारा) मिनिटाला 33 मिलीवर लावा.

का? एन्झाइम राहतं त्या 2 लिटर पाण्यात. सगळं मिथेनॉल एका दमात आलं तर तेलात त्यातलं थोडंच विरघळतं, बाकीचं पाण्यात घुसतं. मग तिथे पाणी कमी आणि मिथेनॉलच जास्त. एन्झाइम हे प्रथिन असतं; त्यात त्याची घडी मोडते आणि ते कायमचं निकामी होतं. हळूहळू घातलं तर प्रत्येक हप्ता वापरला जातो. शिवाय ग्लिसरीन तयार होत जातं, ते पाण्यात मिसळून पाण्याचा थर वाढतो, म्हणून नंतरचं मिथेनॉल तितकं बाधत नाही. जपायचे असतात ते पहिले काही तास.

काहीजण लिहितात, "आमची रिॲक्शन मध्येच थांबली, म्हणून अजून मिथेनॉल घातलं." कृपा करून असं करू नका. एन्झाइम मेलं असेल तर मिथेनॉलनं ते उठत नाही, आणि जिवंत असेल तर त्यानं मरेल. आधी ढवळणं, तापमान आणि पंपाचा वेग तपासा.

आणि मिथेनॉल विषारी आहे. वाफ हुंगू नका, ज्योत उन्हात दिसत नाही, झाकण बंद ठेवा.

चोवीस तासांनी थर बसू द्या. खालच्या ग्लिसरीन-पाण्याच्या थरात बरंचसं एन्झाइम शिल्लक असतं, त्याचा काही भाग पुढच्या घाण्याला चालतो. वरच्या थरात दोनेक टक्के फ्री फॅटी ॲसिड उरतंच, म्हणजे ॲसिड व्हॅल्यू (एक ग्रॅम इंधनातलं ॲसिड मारायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतं तो आकडा) 4 च्या आसपास. आयएस 15607 या बायोडिझेलच्या भारतीय मानकाची मर्यादा 0.50 आहे. म्हणून पातळ कॉस्टिकनं धुवा, मग साध्या पाण्यानं, शेवटी पाणी उडवा. हे केल्याशिवाय इंजिनात घालू नका.

चरबीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: गुरांची चरबी 40 अंशांना पूर्ण वितळत नाही, आणि तापमान फार वाढवलं तर एन्झाइम टिकत नाही. ती आधी वेगळी वितळवून पातळ तेलात मिसळा, मगच टाकीत घ्या.