अंगठा लागला नाही म्हणून तांदूळ नाही

नमस्कार मंडळी. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, जिथून कुठून ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आज आधार या ओळखपत्राच्या सक्तीवर बोलायचंय, आणि सुरुवात माझ्या आत्यापासून करतो.

आत्या निपाणीची, चाळीस वर्षं बिड्या वळल्यात तिनं. तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, की पुढची. दिवसाला हजार बिड्या. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की हातात घेतली तर नदीतल्या गोट्यासारखी लागतात. मागच्या पावसाळ्यात मी तिच्यासोबत रेशनला गेलो होतो. मशीनवर अंगठा ठेवला, लागला नाही. पदराला पुसून परत ठेवला, नाही. मग दुसरं बोट, तिसरं बोट, मागं रांग वाढायला लागली तशी ती बिचारी ओशाळली, जणू काय चोरी करताना सापडलीय. दुकानदार तिला वीस वर्षं नावानं हाक मारतो, काकांच्या मयताला खांदा दिलाय त्यानं, आणि तोच म्हणतो, "आत्या, ओळख पटंना की, उद्या या." त्याचा काय दोष म्हणा, मशीन हो म्हटल्याशिवाय त्याला धान्य देता येत नाही. पण अख्खी गल्ली जिला ओळखते ती बाई एका काचेच्या तुकड्यापुढं अनोळखी ठरली, हे मला अजून पचलेलं नाही.

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं, तेव्हा सांगितलं होतं की हे ऐच्छिक आहे, ज्यांच्याकडं काहीच कागद नाही त्यांना ओळख मिळावी म्हणून आहे. चांगलीच गोष्ट होती की! मग हळूहळू गॅसला पाहिजे, शिष्यवृत्तीला पाहिजे, पेन्शनला पाहिजे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधार नाही म्हणून कुणाचं अडवू नका, तरी अडवणं चालूच. २०१६ ला कायदा आणला तोही मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेला तो अडवायचा अधिकारच उरला नाही.

या सगळ्याला कोर्टात ज्यांनी आव्हान दिलं ते आपल्याच राज्यातले, कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढं, अर्ज घेऊन दिल्लीला गेले. त्यांच्यामुळं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला आधारचा निकाल लागला, चार विरुद्ध एक. बँक खातं आणि मोबाइलची सक्ती गेली, पण रेशनसारख्या सरकारी लाभाची राहिली. म्हणजे बघा, पैसेवाल्याला सूट मिळाली आणि गरिबाच्या ताटावरचं कुलूप तसंच. न्यायमूर्ती चंद्रचूड एकटे म्हणाले की हा कायदाच घटनेला धरून नाही. अंगठा जुळला नाही तरी पात्र माणसाला लाभ नाकारणार नाही, असं केंद्र सरकारनंच कोर्टात सांगितलेलं आहे, हे मात्र लक्षात ठेवा आणि कुणी परत पाठवलं तर तोंडावर सांगा.

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात अजून एक भानगड आहे. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. मराठी शाळेतला मास्तर इंग्रजीत ते डी-एन-वाय असं लिहितो, कन्नड हाफिसातला क्लार्क जे-एन असं लिहितो, दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण कॉम्प्युटरला ती दोन माणसं दिसतात! मग अॅफिडेव्हिट करा, फोटो काढा, दिवसाचा पगार बुडवा, परत या. १ जानेवारी २०२४ पासून नरेगाची, म्हणजे रोजगार हमीची मजुरीसुद्धा आधारवरूनच जमा व्हायला लागली, तिथं नावाचं एक अक्षर चुकलं की घाम गाळलेले पैसे अडकतात. आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलातल्या वाड्यांत रेंजच नसते तिथं सर्व्हर कुठून येणार. हे फक्त मराठी माणसाचं दुखणं नाही बरं, शेजारच्या कन्नड बाईचा अंगठाही तसाच झिजलाय.

"लपवायचं काही नसेल तर भीती कशाची" असं बरेच जण विचारतात. दक्षिण आफ्रिकेत सरकारनं भारतीय लोकांच्या बोटांचे ठसे घेऊन परवाने सक्तीचे केले तेव्हा गांधीजींना काय लपवायचं होतं? तरी १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपुढं लोकांनी ते परवाने कढईत घालून जाळले. ब्रिटननं २००६ मध्ये ओळखपत्राचा कायदा केला आणि २०१० मध्ये स्वतःच रद्द केला, जमवलेली माहितीसुद्धा नष्ट केली. म्हणजे माघार घेता येते.

माझा कार्डाला विरोध नाही, ज्याला सोयीचं वाटतं त्यानं खुशाल वापरावं. पण पोटाच्या घासाला त्याची अट नको. रेशनकार्ड आहे, मतदान कार्ड आहे, दुकानात वही आहे, शेजारीपाजारी साक्षीला आहेत, त्यावर धान्य द्या.

आत्याला तांदूळ चौथ्या दिवशी मिळाला, मोबाइलवर ओटीपी आला म्हणून, आणि तो मोबाइल माझा होता. तिच्या मागं रांगेत एक म्हातारी होती, तिचाही अंगठा लागत नव्हता आणि तिच्याकडं फोन नव्हता. ती पिशवीची घडी घालून तशीच परत गेली.