तिची गादी कुठे घालायची?

मंडळी, सिंगापूरला नव्याने आलेली कुटुंबं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: चांगली हेल्पर, म्हणजे घरातच राहून काम करणारी परदेशी बाई, कशी शोधायची? इंडोनेशियाची बघू, म्यानमारची बघू की भारतातूनच आणू? हा प्रश्न दोन-तीन मुलाखतींत सुटतो. त्याच्याआधी एक प्रश्न आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. ती आल्यावर झोपणार कुठे?

आमच्याकडे पहिली हेल्पर आली ती मध्य जावातल्या एका खेड्यातली. फ्लॅट दोन बेडरूमचा. तिची गादी रात्री हॉलमध्ये घालायची आणि सकाळी गुंडाळून ठेवायची, असं ठरलं. एका शनिवारी मित्रमंडळी जेवायला आली, गप्पा रंगल्या, साडेबारा वाजून गेले. मी पाणी आणायला आत गेले. ती ओट्याशेजारी स्टुलावर बसली होती. गुंडाळलेली गादी मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं. आमचे पाहुणे उठेपर्यंत तिला आडवं होता येत नव्हतं. धाकटा पहाटे साडेपाचला जागा व्हायचा, म्हणजे तीही तेव्हाच उठणार. आणि तासाभरापूर्वी जेवताना मीच सगळ्यांना सांगितलं होतं, 'ती आमच्या घरातलीच आहे.'

मी ते प्रेमानेच म्हटलं होतं. आपण सगळे प्रेमानेच म्हणतो. पण घरातलं माणूस कंटाळा आला की आत जाऊन दार लावून घेतं. तिला लावायला दारच नव्हतं. आपण ऑफिसमधून निघतो, ट्रेनमध्ये बसतो, घरी येऊन चपला काढतो. तिचं ऑफिस रात्रीही तिच्याभोवतीच असतं.

इथे कायद्याचं एक अंग समजून घ्या. सिंगापूरचा एम्प्लॉयमेंट ॲक्ट घरकामगारांना लागू नाही. त्यातली कामाच्या तासांची आणि ओव्हरटाइमची बंधनं तिच्या कामाला नाहीत. ती परदेशी मनुष्यबळाच्या वेगळ्या कायद्याखाली येते. पुरेशी विश्रांती द्या, असं त्यात आहे. पण रात्री किती वाजता हात थांबवायचे, हे कुठेही लिहिलेलं नाही. ते ठरवणारे आपणच. म्हणून पहिल्याच दिवशी वेळ ठरवा आणि ती तिच्यासमोर मोठ्याने सांगा. 'काम संपलं की झोप' असं सांगितलं, तर घरातलं काम कधी संपतं का?

सुट्टीचंही तसंच. परदेशी मेड आणायची योजना इथे 1978 साली सुरू झाली. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली ती 1 जानेवारी 2013 पासून. मधली पस्तीस वर्षं सुट्टी मालकाच्या मर्जीवर होती. 2013 नंतरही तिची संमती असेल तर सुट्टीऐवजी पैसे देता यायचे, अगदी चारही रविवारांचे. 1 जानेवारी 2023 पासून महिन्यातला किमान एक दिवस तरी द्यावाच लागतो, त्याचे पैसे करता येत नाहीत.

ही संमती कशी मिळते ते जरा बघा. इथली एजन्सी तिच्याकडून जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या पगाराएवढी फी घेऊ शकते. पण गावातल्या दलालाचा, प्रशिक्षणाचा, कागदपत्रांचा खर्च बऱ्याचदा त्यावर चढतो, आणि पहिल्या काही महिन्यांचा पगार त्या कर्जात जातो. अशा वेळी ती स्वतःहून म्हणते, 'मॅम, सुट्टी नको, पैसे द्या.' आणि आपण सगळ्यांना सांगतो, तिलाच बाहेर जायला आवडत नाही! आमचीही असंच म्हणाली होती आणि सहा महिने मी ते खरं मानलं. हात रिकामा असलेल्या माणसाला तुम्ही दिवस हवा की पैसे असं विचारलंत, तर उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

दुसरं वाक्य फार ऐकू येतं: 'आम्ही हिच्यावर किती खर्च करतो!' करतो, खरंच करतो. आपल्यापैकी बहुतेकांना महिन्याला 300 डॉलर लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवण्याचा सरकारी आकार, भरावी लागते. घरात सिंगापूरचं नागरिक असलेलं लहान मूल किंवा वृद्ध असेल तर सवलतीत ती 60 डॉलर होते. पण ही लेव्ही सरकारकडे जाते. तिच्या हातात त्यातला एक डॉलरही पडत नाही, तेव्हा तो खर्च तिला ऐकवू नये.

मग 5000 डॉलरच्या सिक्युरिटी बॉण्डची, म्हणजे तिच्यासाठी आपण सरकारला दिलेल्या हमीची, धास्ती. कुठे गेली, कुणाला भेटली, काही झालं तर पैसे जातील, म्हणून तिला बाहेर न सोडणारी चांगली माणसं मी पाहिली आहेत. तिला वर्क पासच्या (कामाच्या परवान्याच्या) अटी नीट समजावल्या असतील आणि तिने अट मोडल्याचं कळताच आपण मनुष्यबळ मंत्रालयाला कळवलं, तर ती जबाबदारी आपल्यावर येत नाही. पासपोर्ट तिच्याकडेच राहायला हवा. 'तुझे पैसे मी सांभाळून ठेवते' हेही 2019 पासून बंद आहे. बाहेरच्या बाजूने खिडक्या पुसायला लावायच्या, तर ग्रिल कुलूपबंद हवं आणि मोठं माणूस तिच्यासोबत उभं हवं. या नियमामागे उंचावरून पडून गेलेल्या बायका आहेत, हे कृपा करून लक्षात ठेवा.

आता कॅमेरा. मूल लहान असेल तर कॅमेरा बसवावासा वाटतो, मी समजू शकते. तो आहे हे तिला सांगायलाच हवं. ती झोपते, कपडे बदलते, तिथे तो लावताच येत नाही. आता विचार करा: कॅमेरा हॉलमध्ये आणि तिची गादीही हॉलमध्ये. आमच्या घरी काही महिने अगदी हेच होतं, आणि माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

2016 साली इथे म्यानमारच्या चोवीस वर्षांच्या एका मुलीचा मालकिणीच्या छळाने मृत्यू झाला. मालकिणीला 2021 मध्ये 30 वर्षांची शिक्षा झाली. ती बातमी वाचून आपण सगळे हळहळलो आणि म्हणालो, आपण तसे नाही. नाहीच आहोत. पण 'तसे नाही' एवढ्यावर थांबलं, की मांडीवर गादी घेऊन बसलेली बाई दिसत नाही.

त्या शनिवारनंतर आम्ही घर बदललं. नव्या घरात एक बॉम्ब शेल्टर होतं, हल्ल्याच्या वेळी आसरा घ्यायची छोटी खोली. जाड पोलादी दार, खिडकी नाही. एजंट सहज म्हणाला, 'ही मेडची खोली.' मी आत उभी राहिले आणि दार लोटून बघितलं. मग ह्यांचं टेबल हॉलमध्ये आणलं, अभ्यासाची छोटी खोली तिला दिली, आतून कडी बसवून घेतली. शेल्टरमध्ये सूटकेसा ठेवल्या.

तिच्या पहिल्या पूर्ण रविवारी ती साडेनऊला पाया लेबारला जायला निघाली, तिथल्या सिटी प्लाझा मॉलमध्ये तिच्या गावाकडच्या मैत्रिणी भेटणार होत्या. मी कुठे, कोणाबरोबर, कधी येणार असं काही विचारलं नाही. तेवढं न विचारणंही मला जड गेलं. रात्री आठला परतली तेव्हा दिवसभराची भांडी सिंकमध्ये तशीच होती आणि मी नुकती घासायला घेतली होती. तिने पर्स खाली ठेवली, बाह्या वर केल्या. मी म्हटलं, 'उद्या.' ती दोन पावलं आली, थांबली, मग खोलीत गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला.