ढग श्वास घेतो तेव्हा

हा काळसर ठिपका बघा. रुबिडियमचे काही हजार अणू आहेत हे, आणि दिसतीये ती त्यांची सावली, लेझरच्या उजेडात कॅमेऱ्यावर पडलेली. टेंपरेचर? असा अतिथंड ढग, म्हणजे बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट, 1995 साली अमेरिकेत बोल्डरला पहिल्यांदा जमला तेव्हा साधारण 170 नॅनोकेल्विन होतं, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट झीरोच्या, ज्याच्या खाली टेंपरेचर जाऊच शकत नाही त्याच्या, वर एका अंशाचा दहा लाखावा भागसुद्धा नाही.

पण कागदावर हे खूप आधी आलेलं. 1924 मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना आपला लेख पाठवला, आणि त्यावरून आइन्स्टाइननी सांगितलं की वायू भरपूर थंड केला तर अणूंचा मोठा घोळका एकाच अवस्थेत जाऊन बसेल. पुढची सत्तर वर्षं फक्त गणित!

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. हे अणू चुंबकीय क्षेत्राच्या ट्रॅपमध्ये असतात, वाटीत गोट्या असाव्यात तसे. ट्रॅप जरासा चेपून सोडला की अणूंचा हा ढग उभा लांबतो, मग आडवा, परत उभा. अणू आपापले एकेकटे हलत असतील तर गोटी वाटीत एकदा जाऊन परत येईपर्यंत ढगाचा आकार दोनदा तसाच होतो, कारण इकडची गोटी तिकडे नि तिकडची इकडे गेली तरी आकार तोच ना. म्हणजे आकडा 2.

1996 मध्ये इटलीतल्या त्रेंतोचे भौतिकशास्त्रज्ञ सांद्रो स्त्रिंगारी यांनी हिशोब मांडला की अणू एकमेकांना ढकलतायत, पुरेसे जास्त आहेत आणि त्या एकाच अवस्थेत जाऊन सगळे मिळून एकच लाट झालेत, तर आकडा 2 नाही, 2 चं वर्गमूळ येईल. 1.41. आणि अणू किती, ते एकमेकांना किती जोरात ढकलतात, यातलं काहीच त्या उत्तरात उरत नाही! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत गणित करून बघितलं, खरंच दोन्ही कटून जातात.

त्याच वर्षी बोल्डरच्या लॅबमध्ये तो ट्रॅप हलवला, ढग किती वेळात कसा बदलतो त्याचे फोटो एकामागोमाग घेतले, प्रत्येक फोटोला नवा ढग, कारण फोटो काढला की तो संपतो. आकडा आला 1.4 च्या आसपास.