मासे बघत सीमा ओलांडताना

नमस्कार श्रोतेहो. इमिग्रेशनच्या खिडकीपलीकडचा अधिकारी एकदा पासपोर्टातल्या फोटोकडे बघतो, एकदा तुमच्याकडे. ही चेहऱ्याची पडताळणी आता ई-गेटवर, म्हणजे ओळख पटली की आपोआप उघडणाऱ्या गेटवर, संगणक करतो. तो ती कशी करतो, हे सांगायचं तर आधी दुबईला जावं लागेल.

दुबई म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी जिथे नोकरीला असतं, ते गाव. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथल्या इमिग्रेशन खात्यानं एक बोगदा दाखवला. खिडकीशी थांबायचं नाही, सरळ त्यातून चालत जायचं. भिंतींवर पडदे, पडद्यांवर मत्स्यालय, इकडून तिकडे पोहणारे मासे, आणि आत ८० कॅमेरे.

आता मासे कशाला? विमानतळावर माणूस कसा चालतो ते आठवा. एका हातानं बॅग ओढत, दुसऱ्या हातात मोबाइल, मान खाली. कॅमेऱ्याला दिसतं ते कपाळ आणि केस. ‘वर बघा’ म्हणून सांगावं, तर माणूस थबकतो आणि मागची सगळी रांग थबकते. पण समोरून मासा सुळकन गेला की नजर आपोआप त्याच्यामागे जाते. मान वळते, चेहरा वर येतो, चारी कोनांतून टिपला जातो आणि पाय मात्र चालतच राहतात. खात्याच्या अधिकाऱ्यानं माशांचं कारण असंच दिलं होतं. चेहरा जुळला तर टोकाला शुभेच्छांचा हिरवा संदेश, नाही जुळला तर लाल खूण आणि नियंत्रण कक्षाला इशारा. वर्षभरानं दुबई विमानतळाच्या टर्मिनल ३ वर स्मार्ट टनेल सुरू झाला, तो १५ सेकंदांत प्रवासी मोकळा करण्याच्या बोलीवर.

तेव्हा लक्षात ठेवा, चेहरा नीट दिसला की गेट लवकर उघडतं. टोपी, काळा चष्मा, मास्क काढा. चेहरा नीट दिसला पाहिजे.

संगणक चेहऱ्याचे आकडे करतो, नोंदलेल्या चेहऱ्याच्या आकड्यांशी ताडतो आणि किती जुळलं याचा गुण काढतो. पास होण्याची रेघ खाली आणली तर तोतया आत शिरतो, फार वर नेली तर खरा माणूस अडतो. युरोपच्या सीमा-यंत्रणेची, फ्रॉन्टेक्सची, शिफारस अशी: हजार तोतयांत फार तर एक सुटावा आणि शंभर खऱ्यांत पाचांहून जास्त अडू नयेत. म्हणूनच गेटांशेजारी अधिकारी लागतोच. तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेला २०१९ मध्ये बऱ्याच प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट आढळली. मुंबईत वापरायची प्रणाली मुंबईच्याच चेहऱ्यांवर, दाढी, टिकली, डोक्यावरच्या पदरासकट, पारखून घ्यायला हवी.

आणि ते फोटो स्टुडिओवाले! न मागता चेहरा उजळ करून देतात, व्रण पुसतात. तसा फोटो कुठल्याच ओळखपत्राला देऊ नये.

आपल्याकडे फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, म्हणजेच ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम, ही आधी नोंदणी केलेल्या प्रवाशांना ई-गेटमधून सोडण्याची सोय. तो जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि १६ जानेवारी २०२५ ला मुंबईसह सात विमानतळांवर सुरू झाला. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक, यांना तो मोफत आहे. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, मंजुरी आली की एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या विभागीय कार्यालयात, किंवा विमानतळावर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायचा. गेटवर आधी बोर्डिंग पास, मग पासपोर्ट स्कॅन करायचा. पासपोर्टचं प्लास्टिकचं कव्हर काढा आणि पान सपाट टेकवा, कारण पान उचललेलं राहिलं तर खालच्या दोन ओळी यंत्राला वाचता येत नाहीत. मग चेहरा. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यांतलं जे आधी संपेल तोवर चालते. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी नवा काढा, मगच नोंदणी करा.