बोट आयली का गो?

(पडद्यावर: रेवस बंदर, ओहोटी. गाळात कलंडलेली होडी.)

दिव्यांच्या अवसेला समया चिंचेने घासायच्या, हे काम पोरींचं. १७ जुलै १९४७, गुरुवार. रेवसच्या एका घरात अकरा वर्षांची पोर पडवीत तेच करत बसली होती. ही पोर आम्ही गोष्टीपुरती घेतली आहे. बोट मात्र खरी.

'रामदास'. सकाळी आठला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला सुटली. गटारीला गावी निघालेले चाकरमानी, मुंबईत मासळी विकून रिकाम्या टोपल्यांनी परतणाऱ्या कोळणी. पोरीचा बापही त्यातच.

काश्याच्या खडकाजवळ पावसाने गाठलं. एका अंगाने पाणी आत यायला लागलं, तशी माणसं घाबरून दुसऱ्या अंगाला धावली. बोट कलंडली, आणि वरून मोठी लाट आली. धक्का सोडून पाऊण तासही झाला नव्हता. सहाशेहून जास्त माणसं गेली.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. बंदरावरच्या माणसांना एवढंच दिसत होतं की बोट नाही; आणि आषाढात बोटीला उशीर व्हायचाच.

'बोट आयली का गो?'

'नाय अजून.'

आईने कोलंबीचं कालवण उतरवून झाकून ठेवलं होतं. भाकऱ्या टोपलीत. कुणी ताट घेईना. तिकडे मुंबईलाही दुपार टळेपर्यंत पत्ता नव्हता.

आधी कळलं ते दर्यातल्या कोळ्यांना. मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते, वाटेत पाण्यात माणसं दिसली. होडीत जागा कुठून करायची? मासळी परत दर्यात फेकली. भर आषाढात हाती आलेली मासळी फेकणं म्हणजे काय, ते कोळ्याच्या घरात जाऊन विचारावं.

ते कालवण तिसऱ्या दिवशी आईने स्वतः माडाच्या बुंध्याशी ओतलं. त्या घरात पुन्हा गटारी झाली नाही. १५ ऑगस्टला शाळेत पेढा मिळाला. पोरीने तो आईला दिला, आईने धाकट्याला.

(पडद्यावर: पडवी, संध्याकाळ. घासून पालथ्या घातलेल्या समया.)

पोर आता नव्वदीला टेकली आहे. नात मुंबईला निघाली की म्हातारी ताटावर बसत नाही. फोन उशाशी, आवाज मोठा करून ठेवलेला.

'पोचलीस का गो?'

'पोचले, आजी. जेव आता.'

मग ती भाकरी मोडते.