मुंगी कधी सूत काढता काय?

नमस्कार श्रोतेहो. आंब्यावरचे हुमले, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या, तुम्हाला माहीत असतीलच. नसतील, तर तुम्ही आंबा फक्त पेटीत पाहिलाय. 

मे महिना. आमचे काका आंबे काढायचा झेला घेऊन झाडावर चढले आणि नेमका घरट्यालाच धक्का लागला. जेवढ्या वेळात चढले, त्याच्या निम्म्या वेळात खाली! सदरा झटकत खळ्यात नाच सुरू. हुमला नुसता चावत नाही, चावल्या जागी आम्लही सोडतो, म्हणून ती आग. आम्ही सगळे हसतोय, एवढ्यात माझ्या बाहीवर एक दिसला. तोच तांबूस रंग, तशीच बारीक कंबर, पुढे दोन मिशा हलवत चाललेला. मी घाबरून टिचकी मारली. पडला, पण जमिनीवर पोचलाच नाही! बाहीपासून वीतभर खाली हवेतच लोंबकळत राहिला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर बारीक धागा.

"काकी, हा हुमला बघ कसा लटकलाय!"

काकी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने एक नजर टाकली. "मुंगी कधी सूत काढता काय रे? पाय मोज त्याचे."

मोजले. आठ.

मंडळी, तो कोळी होता. मुंगीचं सोंग घेतलेला, उड्या मारणाऱ्या कोळ्यांतला एक. मला मिशा वाटल्या ते त्याचे पुढचे दोन पाय; ते तो उचलून हलवत चालतो. घरटं शिवायला हुमलेही रेशीम वापरतात, पण ते त्यांच्या अळ्यांचं. अळी तोंडात धरून तिच्याकडून टाके घालून घेतात. मोठा हुमला स्वतः सूत काढत नाही. काकी बरोबर होती.

हे सोंग कशाला? हुमल्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, म्हणून. गंमत म्हणजे हा कोळी स्वतःही हुमल्यांपासून चार हात लांबच राहतो. नराचे जबडे तर इतके लांब, की एक मुंगी दुसरीला उचलून नेतेय असं वाटावं.

तेव्हा पुन्हा सांगतो, पाय मोजा. मुंगीला सहा पाय आणि दोन मिशा. कोळ्याला आठ पाय, मिशा नाहीत. हल्ली लोक आधी फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि मग किडा बघतात, तोवर तो निघून गेलेला असतो. फुलावर मधमाशीसारखं काही घोंघावत असेल, तर पंख मोजा. मधमाशीला चार, माशीला दोन. पाय मोजा, पंख मोजा.

काकांच्या सदऱ्यातले मात्र सगळे सहा पायांचेच होते. ते मोजायची गरजच पडली नाही.