कॅनॉलमधून घाघरेत

नुसतं पाणी दिसतंय ना? चहासारखं गढूळ, उतरत चाललेलं. कॅमेरा असाच लावून बसलो होतो आणि मग हा आवाज आला. सूंऽऽस. पाठ वर आली, गेली, बस्स एवढंच.

याच आवाजावरून इकडचे लोक हिला सूंस म्हणतात. गंगेतली डॉल्फिन, २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर. दापोलीला, तारकर्लीला बोटीत बसून आपण बघतो ते डॉल्फिन समुद्रातले, ही गोड्या पाण्यातली, आणि जवळपास आंधळी.

पण ही नदी नाही, कॅनॉल आहे. उत्तर प्रदेशात घाघरा आणि शारदा या नद्यांवर बॅरेज, म्हणजे गेट असलेले बंधारे, आहेत, तिथून शेतीला पाणी सोडतात, गेट उघडी असताना माशांच्या मागे सूंस पण आत शिरते. शिरताना धार तिच्या बाजूने असते, परत जायचं तर तीच धार अंगावर, त्यात गेट. मग दुरुस्तीसाठी वरून पाणी बंद करतात, कॅनॉल आटत जातो आणि ही एखाद्या डोहात अडकून पडते. गावातल्या कुणाला तरी दिसते, तो फॉरेस्टवाल्यांना फोन लावतो. तो फोन फार मोठी गोष्ट आहे, कारण २०२० च्या ३१ डिसेंबरला उत्तर प्रदेशातल्याच प्रतापगड जिल्ह्यात अशाच एका सूंसला लोकांनी कुऱ्हाडीने, काठ्यांनी मारलं होतं.

आता जाळं बघा. दोन्ही काठांवर माणसं, मध्ये छातीभर पाण्यात माणसं, आणि घाई कुणालाच नाही. जाळं जोरात ओढलं आणि ती त्यात गुंडाळली गेली तर वर येऊन श्वास घेता येणार नाही, दोन-चार मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हळूहळू उथळ पाण्याकडे आणायचं, जवळ आली की चार-पाच जणांनी एकदम खालून हात घालायचे.

इथे जरा थांबू. लांब चोच, तोंड मिटलेलं असलं तरी दात बाहेर दिसतात. आणि डोळा, तो बारीक ठिपका! त्यात भिंगच नाही, उजेड-अंधार कळतो तेवढंच. बाकी सगळं आवाजावर, सतत क्लिक-क्लिक करत राहायचं आणि प्रतिध्वनीवरून मासा कुठे, काठ कुठे ते ओळखायचं. डोक्यावरची ही उभी चीर म्हणजे तिचं नाक. ओली चादर अंगभर टाकलीय, पण चीर उघडी ठेवलीय. मग्याने पाणी ओततात तेही तिथलं सोडून, कारण अंग सुकलं तर कातडी फाटते, तापलं तर जीव जातो. टेम्पोत फोमची गादी, तीही भिजवलेली. वाटेत कुणी बोलत नाही, एक जण फक्त श्वास मोजत बसलाय.

आणि ही घाघरा. स्ट्रेचर पाण्यात टेकवलं, चादर काढली, तरी ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग शेपटी हलली.

२०२१ ते २३ मध्ये २८ नद्यांत बोटीने फिरून मोजणी झाली, त्यात भारतभरात नदीतल्या डॉल्फिन भरल्या ६,३२७. मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू, म्हणजे एक वाचवली तरी हिशोबात फरक पडतो. पण वाचवलेली पुढे जगली का, हे कसं कळणार? डिसेंबर २०२४ मध्ये आसामात भारतीय वन्यजीव संस्था, आसाम वनविभाग आणि आरण्यक ही तिथली स्वयंसेवी संस्था यांनी मिळून पहिल्यांदाच एका नराला सॅटेलाइट टॅग लावला आणि परत नदीत सोडलं. हलकासा टॅग, पण सूंस पाण्यावर येते तीच मुळी ५ ते ३० सेकंद, सिग्नल जायचा तो तेवढ्यातच.

आपण बघितली तिला टॅग नाही. कॅनॉलमधून काढलेल्या प्रत्येकीला तो लागला पाहिजे, हे आम्ही त्या दिवशी काठावरही म्हणालो आणि इथेही म्हणतोय. पार मधल्या धारेला एकदा आवाज आला, सूंऽऽस. कॅमेरा वळवेपर्यंत ती खाली गेली होती.